पेटीवरचं मांजर

जव्हारच्या एसटी डेपोजवळ वामन गुरुजींचं टायपिंगचं दुकान. गुरुजी रिटायर झालेले, पण परीक्षेत कॉपी पकडायची सवय काय सुटली नव्हती. कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधले पार्ट चोरीला गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. झालं! थंडीच्या तोंडावर सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, कॉम्प्युटरचा डबा आत कोंबला, दाराला कुलूप. पुढं बटणापुरती खाच, मागं वायरींपुरतं भोक. किल्ली करदोट्याला.

टायपिंगला सुकरी. सूर्यमाळच्या पाड्यावरची, घरातली पहिली पगारवाली. जीभ तिखट.

थंडी सुरू झाली आणि कॉम्प्युटरला नवीनच खोड लागली. चालता चालता फट्दिशी बंद. अर्धा अर्ज गायब.

"काय करतेस गं त्याला?"

"टायपिंग करते. भाकऱ्या थापू काय त्याच्यावर?"

गुरुजी हसले नाहीत. नाशिकचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. तो डबा बाहेर काढून टेबलावर ठेवायचा, मग दिवसभर मशीन कसं घोड्यासारखं पळायचं. परत पेटीत, परत सुकरीकडं, की मेलं. म्हणजे खोट सुकरीतच! समोरच्या त्या टायपिंगवाल्या मधूनं तिला फितवली असणार. गुरुजी तिच्या पिशवीत डोकवायला लागले.

सुकरीलाही संशय होताच. म्हातारा स्वतःच काहीतरी करतोय, भाचीला, त्या हर्षदाला, इथं बसवायचंय त्याला.

शुक्रवारी सकाळी दहाला मशीन चालू करतानाच गुरुजी म्हणाले, "आज पाचच्या आत बंद पडलं, तर उद्यापासून येऊ नको."

सुकरीच्या तोंडाशी शिवी आली होती. गिळली. हात कीबोर्डवर, नजर चोहीकडं. कोण पेटीजवळ जातं ते बघायचंच आज. गुरुजी गेले नाहीत. गिऱ्हाईक गेलं नाही. गेलं ते फक्त दुकानातलं मांजर. उन्हातली पायरी सोडून साडेदहाला पेटीवर चढलं आणि ऐसपैस पसरलं.

सुकरीचे हात थांबले. काल पण असंच. मांजर चढलं आणि थोड्या वेळानं मशीन मेलं. आणि परवा दोन तास लाईट गेली, तर हेच मांजर उतरून उन्हात गेलं होतं.

"गुरुजी, त्या मांजराला बघा."

"आता मांजरावर ढकल!"

"एवढ्या थंडीत ऊन सोडून ते इथं कशाला मरतंय? हात लावा पेटीला."

गुरुजींनी हात लावला. लाकूड गरम लागत होतं.

"उघडा."

"आणि आतलं काही काढलंस तर?"

"माझे हात बांधा! पण उघडा."

तिनं खरंच हात पाठीमागं नेले. कुलूप निघालं. दार उघडताच चुलीच्या तोंडासारखी झळ आली.

"बघा, डब्याचा मागचा पंखा पेटीच्या फळीवरच फुंकतोय. गरम वारा जाईल कुठं? परत आतच. मेकॅनिक टेबलावर ठेवायचा, म्हणून चालायचं."

गुरुजींनी डबा बाहेर ओढला. मग डबा टेबलावर आला. "पाचपर्यंत बघू," एवढंच.

सुकरी टाईप करत राहिली. गुरुजी पूर्ण वेळ तिच्या बोटांकडं बघत बसले. चहासुद्धा तिथंच. सव्वापाच वाजले, मशीन चालूच.

"उद्या ये," गुरुजी भिंतीकडं बघत म्हणाले.

सकाळी सुकरी आली तर डबा टेबलावरच, पण टेबलाच्या पायाला साखळीनं बांधलेला. गुरुजी किल्ली करदोट्यात अडकवत होते.

सुकरीनं साखळी ओढून बघितली. "चालंल," ती म्हणाली, "हिच्यातून वारा तरी जातो."