हौदातली तालीम

पाळकबाईंनी नळ बंद केला आणि चर्चमधल्या हौदात हात घालून पाहिला. पाणी कोमट होतं. काठावर हेडसर मनगटावरचं घड्याळ काढून रुमालात गुंडाळत होते, तेही इतकं सावकाश, की जणू घड्याळालाच पोहायला जायचं होतं.

"या सर. चारच पायऱ्या आहेत."

या मंडळीत बाप्तिस्मा मोठेपणी आणि पूर्ण पाण्यात बुडवून देत. बाई दोन वर्षं इथे उमेदवारीवर होत्या. त्यांचे उपदेश सगळ्यांना आवडत. पण त्यांना कायम करायची वेळ आली आणि मंडळीच्या निम्म्या पंचांना एकाएकी त्यांच्या मनगटांची काळजी वाटू लागली. बाप्तिस्म्याला आजवर बाहेरचे पाळक बोलवत होतो तेच बरं, धडधाकट माणूस बाईला कसा पेलवणार? त्यावर निवृत्त हेडसर, पंचांत वयानं आणि वजनानंही सर्वांत भारी, म्हणाले होते, मीच पाण्यात उतरून बघतो. संध्याकाळच्या बैठकीत त्यांचाच शब्द चालणार होता.

"हात छातीशी जुळवा. मी मानेखाली धरते. तुम्ही फक्त गुडघे सोडायचे, बाकीचं पाणी करतं."

सर मागे झुकले आणि ताठ झाले. पाय वर आले, तशी त्यांनी धडपडत काठ पकडला.

"घसरलं," ते म्हणाले.

दुसऱ्या वेळी खांदे भिजायच्या आत त्यांनी बाईंचा दंड आवळला. तिसऱ्या वेळी तर ते वाकलेच नाहीत. बाईंच्या कपाळावर आठी आली.

"सर, मला नापास करायचं ठरवूनच उतरलात का?"

सर हसले नाहीत. बाई जरा ओशाळल्या.

"तुमच्या वेळी कसं धरलं होतं, सांगा. तसंच धरते."

कोमट पाण्यातही सरांचे ओठ थरथरत होते.

"धरलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "माझा बाप्तिस्मा झालाच नाही."

सरांनी पाठ काठाला टेकवली.

"आठ वर्षांचा होतो. थोरला भाऊ माझ्या डोळ्यांदेखत विहिरीत गेला. पुढे बदली होऊन इथे आलो, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यानं विचारलं, बाप्तिस्मा झालाय ना? हो म्हणालो. त्या एका 'हो'वर चाळीस वर्षं निघाली."

बाईंना राग आला, चांगलाच आला. दोन वर्षं हाच माणूस पहिल्या बाकावर बसून त्यांना जोखत होता. पण त्याच माणसाची हनुवटी आता लहान पोरासारखी हलत होती, आणि रागाला नीट उभं राहायला जागा मिळेना.

"दार बंद आहे," सर हळूच म्हणाले. "आत्ताच उरकून टाका. मी कसाही जाईन पाण्याखाली. संध्याकाळी सांगतो, बाईंना उत्तम जमतं."

'बरं' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला. दोन वर्षांत त्यांनी घराच्या भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. काय सांगावं, उद्या निघावं लागलं तर? कायम होण्याची त्यांना फार, फार इच्छा होती.

"हे दाराआड होत नाही, सर. मंडळीसमोरच."

"मग माझं पंचपद गेलं. आणि तुमचं काय?"

"माझं बघू," बाई म्हणाल्या. आवाज मात्र शब्दांइतका खंबीर नव्हता.

सर वर चढले. कपडे बदलून, घड्याळ बांधून दाराकडे निघाले. बाईंनी वाकून हौदाचं बूच काढलं. संपलं सगळं, त्यांना वाटलं, आणि रडूही आलं थोडं.

"रविवारी बाप्तिस्म्याला किती जण आहेत?" सरांनी कडीवर हात ठेवून विचारलं.

"दोन. दोघी मुली."

"तीन लिहा. बाहेरच्या पाळकांना येऊ नका म्हणून कळवा. संध्याकाळी पंचांशी मी बोलतो, आधी माझं आणि मग तुमचं."

बाई काही म्हणणार, एवढ्यात ते पुन्हा वळले.

"आणि मला शेवटी घ्या. माझी धडपड बघून पोरी घाबरायच्या."