बाभळीचे खुंटे

खुशालरावांकडे सल्ला मागावा लागत नसे, तो मिळूनच जायचा. सारा जन्म मूर्तिजापूरच्या काळ्या रानात गेलेला, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून शेत बटाईनं देऊन ते गावात मुलाकडे राहायला आले होते. हाताचं काम सुटलं, त्याची भरपाई तोंड करत होतं. भाजीत मीठ किती, मोटरसायकलला तेल कोणतं, पाऊस कधी, सगळं त्यांना ठाऊक. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा त्यांचं बरोबरही निघायचं, हीच पंचाईत होती.

मुलगा किशोर गावातल्या शाळेत क्लर्क. सून चंदा, तिच्या दोन्ही किडन्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला डायलिसिस. आधी रेल्वेनं जायचे, पण येताना तिला प्लॅटफॉर्मवर उभं राहवेना, तेव्हा किशोरनं एक जुनी गाडी घेतली. मागच्या चैत्रात गारपीट झाली, उघड्यावरच्या गाडीची समोरची काच फुटली आणि चंदाचा डायलिसिसचा एक वार चुकला. तिसऱ्या दिवशी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं. श्वासासाठी तडफडणारी सून खुशालरावांनी डोळ्यांनी पाहिली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे एकही वार चुकता कामा नये.

म्हणून या वर्षी किशोरनं कापडी गॅरेज मागवलं. लोखंडी पाइपांच्या कमानी आणि वरून ताडपत्रीसारखं जाड कापड. घरापुढं पक्कं शेड बांधण्याएवढी जागाच नव्हती. गाडी उभी राहायची ती शेजारी धर्मपाल यांच्या रिकाम्या प्लॉटवर, तीही त्यांनी आपणहून म्हटलं म्हणून. धर्मपाल विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, मुलगा अनुप अमरावतीला नोकरीत. वय खुशालरावांएवढंच. ते खुशालरावांना भाऊ म्हणायचे. खुशालराव त्यांना नुसतं धर्मपाल म्हणायचे, आणि त्यांच्या घरचा चहा आला की नेमकं पोट बिघडलेलं असायचं. जागा मात्र चालत होती.

खोकं आलं त्या रविवारी किशोरनं आधी माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तो तसाच होता. वरून विजेची तार जात नाही ना, हे धर्मपाल यांना विचारून घेतलं. हातमोजे घातले. पाइप आकड्यांप्रमाणे जमिनीवर मांडले, चौकट जोडली आणि टेपनं दोन्ही कर्ण मोजले. बोटभर फरक निघाला तर पुन्हा सोडून जोडली. दारातल्या पलंगावर बसून खुशालराव हे पाहत होते.

"अबे, गॅरेज बांधून राहिला का ताजमहाल?"

"बाबा, चौकट वाकडी राहिली त कापड एकाच बाजूनं ताणते. मंग हवा धरते."

मग जमिनीत पक्कं करायची वेळ आली. पुस्तकात लिहिलं होतं की चिकण किंवा काळ्या मातीत नुसत्या खिळ्यांवर विसंबू नका, प्रत्येक पायाशी दीड-दोन फूट खड्डा करून काँक्रीट भरा, आठवडाभर सुकू द्या, तोवर कापड चढवू नका. किशोरनं सिमेंट आणि गिट्टी आणूनही ठेवली होती.

"आठ दिवस?" खुशालराव उठलेच. "मोबाइलवर परवाच्या गारा सांगून राहिले, अन् तू सिमेंट सुकवत बसतं? अन् हे पुस्तक लिवनाऱ्यानं काळी माती डोयानं पाह्यली काय? मी पन्नास वर्षं खुंटे ठोकले हिच्यात. खिल्लारी बैल खुंट्याले झटे मारून थकून जाये, खुंटा हाले नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी आठ ठिकाणी बादली-बादली पाणी ओतलं, माती मऊ व्हावी म्हणून. सकाळी बाभळीचे अडीच-अडीच फुटांचे खुंटे तासून आणवले आणि गुडघे विसरून घणानं स्वतः ठोकले. प्रत्येक पाय दोरखंडानं खुंट्याला आवळला. किती दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. घाम पुसत ते किशोरला म्हणाले, "हालव पाहू."

किशोरनं दोन्ही हातांनी खुंटा इकडून तिकडे ओढला. ढिम्म हलेना.

कुंपणापाशी धर्मपाल उभे होते. "भाऊ, आडवा ओढून काय पाहता? वरतं उपसून पाहा. आमी खांबाले ताणाची तार बांधू तवा खाली काँक्रीटचा ठोकळा घालू. कापडात हवा शिरली का ते वरतं ओढते."

"बैल काय वरतं उडते काय, धर्मपाल?" खुशालराव मोठ्यानं हसले. "खांबावर चढनं येगळं अन् मातीत राबनं येगळं. ज्याच्या बापाची जमीन, त्याले माती समजते."

 धर्मपाल पाय ठेवून उभे होते ती जमीन त्यांचीच होती. किशोरचा चेहरा शरमेनं उतरला, पण बापाला तोडून बोलायची त्या घरात रीत नव्हती. सिमेंट जिन्याखाली गेलं. त्या दिवशीच कापड चढलं, आणि सावलीत उभी गाडी पाहून चंदा म्हणाली, "आता सीट भाजत नाही, बापा." तेवढ्यावर खुशालराव दोन दिवस फुलून होते.

परवाच्या गारा काही आल्या नाहीत. आलं ते ऊन. पंचेचाळीसच्या वरचं, अकोल्याचं ऊन. ओली केलेली काळी माती वाळली की आकसते आणि अंग सोडते, हे खुशालरावांपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? शेतात ते रोज सकाळी खुंटा ठोकूनच घ्यायचे. पण तिथं बैल होता, सवय होती. इथं ते विसरले. बाराव्या दिवशी किशोरला खुंट्यांभोवती बोट जाईल एवढी फट दिसली.

"बाबा, हे सुटून राहिले. रविवारी काँक्रीट करून घेऊ का?"

"माती ढकल त्याच्यात अन् दोन घाव घाल," खुशालराव म्हणाले. फट त्यांनीही पाहिली होती.  पण आता काँक्रीट घालायचं म्हणजे धर्मपाल यांच्यासमोर घालायचं, आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं.

गुरुवारी दुपारी चारला पश्चिमेकडे आभाळ तांबूस झालं. मोबाइलवर वादळाचा इशारा आला तसा किशोर शाळेतून धावत आला. "बाबा, कापड काढून घेऊ. पुस्तकात लिवलं आहे, वादळाच्या आंधी कापड उतरवा. गाडीवर गोधड्या टाकतो मी."

"गारा येतीन म्हनून बांधलं, अन् गारा येऊन राहिल्या त काढतं? मंग बांधलं कायले? उद्या चंदाचा वार आहे. काच फुटली त कोनाच्या खांद्यावर नेशीन तिले?"

 बापलेक वाद घालत असतानाच वारा आला.

पहिल्यांदा धूळ आली, डोळे उघडवेनात अशी. मग कापड फुगलं. खालून हवा शिरली आणि अख्खा सांगाडा कुरकुरत वर उठू पाहू लागला. पश्चिमेचे दोन खुंटे मातीतून अलगद बाहेर आले, मुळा उपटावा तसे. सांगाड्याचा एक पाय हवेत उचलला गेला. खुशालराव पलंगावरून कसे उठले आणि कधी पोचले, त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तो पाइप दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकला.

"सोडा बाबा! सोडा त्याले!" किशोर ओरडत होता.

दारातून चंदा ओरडत होती. कुंपणावरून धर्मपाल ओरडत होते, "भाऊ, सोडा, जाऊ द्या!" खुशालरावांनी सोडलं नाही. त्यांनी आयुष्यात हातातलं काही सोडलं नव्हतं. किशोर धावत आला, बापाच्या कमरेला मिठी घालून त्याला मागं ओढू लागला. त्याच झटक्याला तिसरा खुंटा सुटला. दोरखंडाला बांधलेला बाभळीचा अडीच फुटांचा खुंटा गोफणीसारखा फिरला आणि किशोरच्या कानशिलावर बसला.

गॅरेज उडून पलीकडच्या नाल्यात पडलं. गार एकही पडली नाही. गाडीवर ओरखडासुद्धा उठला नव्हता. त्याच गाडीत किशोरला घालून धर्मपाल यांनी पाऊण तासाची वाट अर्ध्या तासात कापून अकोला गाठलं. मागच्या सीटवर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन खुशालराव बसले होते, आणि पुढं बसलेली चंदा एकसारखी मागं वळून पाहत होती.

ऑपरेशन झालं. किशोरला दुसऱ्या मजल्यावर व्हेंटिलेटरवर ठेवलं. शुक्रवार उजाडला. डायलिसिसचा विभाग त्याच इस्पितळात, तळमजल्यावर.

"मी आज बसत नाही," चंदा म्हणाली. तिचे पाय सुजले होते.

"बस, माय. त्यानं एवढं सारं तुह्या वारासाठीच केलं."

"मंग वर काही झालं त मले लगेच सांगसान. कबूल?"

"कबूल," खुशालराव म्हणाले. अकरा वाजता तिच्या हातात सुया गेल्या आणि मशीन सुरू झालं.

सव्वाबाराला वरून बोलावणं आलं. डॉक्टर तरुण होता, नजर खाली ठेवून बोलत होता. खुशालरावांना त्याच्या बोलण्यातलं एकच वाक्य कळलं. त्यांनी किशोरच्या पायाला हात लावला. पाय अजून कोमट होता. धर्मपाल यांनी त्यांना धरलं, तर त्यांचा हात बाजूला करून ते म्हणाले, "चंदाले सांगू नका. अधुरं सोडून उठन थे. मागच्या सालासारखं पानी भरन."

आणि ते खाली गेले.

"काय म्हनते डॉक्टर?" चंदानं विचारलं.

"बरा आहे. नळी काढली तोंडातली. डोये उघडले होते."

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. खुशालराव तिच्याजवळच्या स्टुलावर बसले. मशीनच्या नळ्यांमधून तिचं रक्त फिरत होतं. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं, त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवूनही ते दर मिनिटाला पाहत होते.  अर्ध्या अर्ध्या तासानं ती म्हणायची, वर जाऊन या ना. ते उठायचे, बाहेर व्हरांड्यात नळापाशी उभे राहायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि परत यायचे.

"काही बोलले का?"

"बोलला."

"गाडीचंच इचारलं असन पहिले," चंदा हसली. तीन वर्षांच्या आजारात इतकं मोकळं ती क्वचितच हसली होती. "त्यायले सांगतलं ना, गाडीले काही झालं नाही म्हनून?"

"सांगतलं, माय. गाडीले काहीच झालं नाही."

तीन वाजता मशीन थांबलं. सिस्टरनं सुया काढल्या, वर कापूस ठेवला आणि म्हणाली, दहा मिनिटं दाबून धरा. दर खेपेला हे काम किशोरचं असायचं. खुशालरावांनी आपला राठ अंगठा कापसावर ठेवला. खाली तिची शीर थडथडत होती. दहा मिनिटं त्यांनी अंगठा हलू दिला नाही. रक्त थांबलं, सिस्टरनं पट्टी लावली आणि ती पलीकडच्या पेशंटकडे गेली.

"चला, आता वर नेऊन द्या मले," चंदा उठू लागली.

"किशोर गेला, माय."

ती तशीच, अर्धी उठलेली राहिली. "कवा?"

"सव्वाबाराले."

तिनं घड्याळ पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं. "तुमी कबूल केलं होतं."

"हो. खोटं बोललो." खुशालराव म्हणाले. "तुह्या नवऱ्यानं सारं बरोबर केलं होतं. सिमेंट आनलं होतं. कापड काढतो म्हने. धर्मपालनंही सांगतलं होतं. म्याच कोनाले करू देलं नाही. माह्या खुंट्यानं मेला तो. म्याच मारलं त्याले."

तिनं शिव्या द्याव्यात, छातीवर बुक्के मारावेत, एवढंच त्यांना हवं होतं. चंदानं त्यातलं काही केलं नाही. ती खाटेवर परत बसली आणि पट्टी लावलेल्या आपल्या हाताकडे पाहत राहिली.

"मंगळवारी मले कोन आनन?" ती म्हणाली.

खुशालरावांनी जन्मभर बैलबंडी हाकली होती. गाडी त्यांना चालवता येत नव्हती.