गार्डाच्या डब्यातलं बाक

“चाचा, हे बाक अजून इथंच?” सुपरवायझर हाशिरने दारातूनच विचारलं. “तासाभरात कफील पाहुणे घेऊन येतोय. उचला, खलास करा.”

“करतो,” बदरुद्दीन म्हणाला आणि त्याने पॉलिशचा बोळा खाली ठेवला.

सौदीतल्या अल-अहसाच्या त्या दाट खजुराच्या बागेत मालगाडीच्या शेवटी जोडायचे गार्डाचे जुने डबे क्रेनने आणून ठेवले होते. ते दुरुस्त करून त्यात पाहुणे उतरवायचे, अशी कफीलची, म्हणजे मालकाची, हौस. लाकूडकाम श्रीवर्धनच्या बदरुद्दीनकडे, वेल्डिंग मनमाडच्या दौलतकडे. दोघं एका ताटात जेवणारे.

उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात काम करायला बंदी असते. पण डब्याच्या आत सावलीच की, असं हाशिरने ठरवून टाकलं. तापलेल्या पत्र्याखाली दौलत छताचा गंज खरवडत राहिला. घेरी येतेय म्हणून बाकावर आडवा झाला, तो उठलाच नाही. बदरुद्दीनने तोंडात घातलेलं पाणी त्याच्या गालावरून ओघळून गेलं.

दौलत पेटीतून गावी गेला. इथे मात्र त्याचं नाव काढायचं नाही, असं हाशिरने बजावलं. माणूस मेलेल्या खोलीत कोण झोपेल? ज्याच्या तोंडून ते निघेल, त्याला परतीचं विमान.

हाशिर गेला. बदरुद्दीन बाकाचे स्क्रू सोडवायला वाकला, तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. दौलतची बायको, सुनीता.

“भाऊजी, ती जागा दाखवता मला?”

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. हाशिर पाण्याच्या पंपाशी कुणावर तरी ओरडत होता. बदरुद्दीनने दार लोटलं आणि फोन हळूहळू फिरवला. नव्या लाकडाच्या भिंती, घासून लख्ख केलेल्या पितळी कड्या, पांढरंशुभ्र छत.

“छान केलंय की,” ती म्हणाली. “हे वरचं त्यांनीच घासलं ना?”

“हो, वहिनी.”

“डोकं कुठल्या अंगाला होतं?”

बदरुद्दीनने बाकाच्या खिडकीकडच्या टोकावर हात ठेवला. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, “मला जरा बसू द्या तिथं.”

त्याने फोन बाकावर टेकवून उभा केला. बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभा राहिला.

खजुरांमधून हाशिर तरातरा आला. “झालं का? यल्ला, चाचा! गाड्या फाटकाशी आल्यात.”

बदरुद्दीन दारातून हलला नाही.

“थांब जरा,” तो म्हणाला. “आत बाई बसल्यात.”