नांगरावरची बिडाची चूल

'नूर अल बहार' या जहाजावर कुक म्हणून चढला त्या दिवशी गॅलीतली, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरातली, चूल पाहून अलीमियाँचं तोंड कडू झालं होतं. भिंतभर रुंद, काळीकुट्ट, चार पायांवर उभी असलेली ती बिडाची चूल होती. वर दोन जाडजूड तवे, पोटात दोन भट्ट्या, डाव्या अंगाला आगीची जागा आणि छतातून वर गेलेलं धुराडं. भांडी घसरू नयेत म्हणून कडेला लोखंडी कठडा. जहाज कुठल्यातरी थंड मुलखात बांधलेलं, त्यामुळे चूलही त्याच मुलखाला शोभेल अशी. ती डिझेलच्या थेंबांवर जळायची, तापायला तास घ्यायची आणि एकदा तापली की दिवसभर निवायचं नाव घ्यायची नाही. ऑगस्टमधल्या फुजैराच्या समुद्रात त्या गॅलीत उभं राहणं म्हणजे जिवंत भाजून घेणंच होतं.

"ही कुणाच्या बापाची चूल आहे?" असं त्याने पहिल्याच दिवशी दर्शनला विचारलं होतं.

"आता तुमची, चाचा," दर्शन हसून म्हणाला होता. तो जहाजावरचा सेकंड इंजिनिअर. त्याची बायको सुरुची दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात नोकरीला होती.

जहाज म्हणजे एक जुना, लहान टँकर. मोठ्या जहाजांना समुद्रातच इंधन पोचवायचं, एवढंच त्याचं काम. एके दिवशी कॅप्टन चंद्रहासना मालकाचा निरोप आला, बंदराच्या हद्दीबाहेर नांगर टाका, पुढचं सांगतो. हद्दीत थांबलं की भाडं पडतं, ते त्याला नको होतं. पुढचं त्याने कधी सांगितलंच नाही. आधी पगार थांबला, मग रसद थांबली, मग मालकाने फोन उचलणं सोडलं. मालकाचा बंदरातला एजंट तेवढा काही दिवस म्हणत राहिला, "टुमारो, इन्शाल्ला." मग त्याचाही आवाज बंद झाला.

जहाजावर पाच माणसं होती. साठी ओलांडलेले, वेंगुर्ल्याचे कॅप्टन चंद्रहास, दर्शन, अलीमियाँ आणि दोन बंगाली खलाशी. पासपोर्ट मालकाकडे. लाइफबोट होती, पण ती पाण्यात उतरवायचे लोखंडी हात, डेव्हिट, गंजून असे धरले होते की घणाने ठोकूनही हलेनात. मदतीच्या इशाऱ्याचे फ्लेअर उडवून पाहिले, मुदत संपलेले, एकही पेटला नाही. समोर फुजैराचे उघडेबोडके डोंगर दिसत. त्या डोंगरांपलीकडे, बसने दोन-तीन तासांवर, दुबईच्या देरामधल्या पडदा लावून अर्ध्या केलेल्या खोलीत अलीमियाँची बायको साजिदा आणि मुलगी अरफा राहत होत्या. दिसणाऱ्या जमिनीवर आपलंच माणूस आहे आणि आपण तिथे पोचू शकत नाही, या विचाराने अलीमियाँचा जीव कासावीस होई.

फोनमध्ये शेवटची चार्जिंग होती तेव्हा तो घरी बोलला होता.

"अब्बा, यू सेड फ्रायडे," अरफा म्हणाली.

"हो बाळा, म्हटलं होतं."

"व्हिच फ्रायडे?"

तेवढ्यात फोन विझला.

डिझेल तळाला गेलं तेव्हा कॅप्टननी उरलेलं रेडिओसाठी राखून ठेवलं आणि चुलीला द्यायचं बंद केलं. अलीमियाँने हात टेकले. तांदूळ होता, मसूर होती, खलाशी गळ टाकून मासे काढत, पण आगच नसेल तर माणूस खाणार काय? तेव्हा दर्शनच कामाला लागला. चुलीच्या पोटातला तेलाचा बर्नर त्याने खोलून बाहेर काढला, इंजिनरूममधल्या सळया कापून जाळी बसवली, राख पडायला खाली पत्रा लावला.

"लाकूड घाला, चाचा. मुळात अशा चुली लाकडा-कोळशावरच चालायच्या."

कॅप्टन दारात उभे होते. टँकरवर लाकडाचा जाळ ही कल्पनाच त्यांना झेपत नव्हती. त्यांनी धुराड्याच्या तोंडाला ठिणग्या अडवायची बारीक जाळी बसवून घेतली आणि समुद्राच्या पाण्याच्या बादल्या गॅलीत आणून ठेवायला लावल्या. मगच हो म्हणाले.

पहिल्या दिवशी माल ठेवायच्या फळ्या जाळून अलीमियाँने मसुरीची आमटी आणि भात केला. डावा तवा भडकलेला, उजवा कोमट. भात एका बाजूने करपला, दुसऱ्या बाजूने कच्चा राहिला. सगळ्यांनी तो खरवडून खाल्ला. हळूहळू तो चुलीचा स्वभाव ओळखू लागला. डाव्या तव्यावर उकळायचं, उजवीकडे सरकवून शिजू द्यायचं, आग विझत आली की भट्टीत पीठ ठेवायचं, पाव फुगून येई. थंडी पडू लागली तसे सगळे चुलीपाशी येऊन बसू लागले. बीड एकदा तापलं की लाकूड संपल्यावरही बराच वेळ ऊब देत राही. ज्या चुलीला तो शिव्या घालत आला होता तिच्याचभोवती आता जहाजावरचा सगळा संसार चालला होता.

पण लाकूड ते किती असणार? फळ्या संपल्या. खोल्यांमधली शेल्फं गेली, मग बाकडी, मग भिंतींचं प्लायवूड. रेडिओवरून मदत मागितली की 'मालकाला कळवतो' एवढंच उत्तर येई; मग राखून ठेवलेलं डिझेल संपलं आणि रेडिओही मुका झाला. गोड्या पाण्याच्या टाकीचा तळ लागला. पाणी पिवळट, गढूळ येऊ लागलं, त्याला वास मारू लागला. कॅप्टननी सक्त सांगितलं, पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही.

ते काम अलीमियाँचं होतं. मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळायला ढीगभर लाकूड लागे आणि त्याच लाकडात उद्याचा भात होणार असे. एका सकाळी पातेल्याच्या कडेला बुडबुडे दिसू लागले तसं त्याने ते उतरवलं. एवढ्याने भागेल, त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

मग दर्शन आजारी पडला. आधी जुलाब, मग उलट्या, मग ताप. पोटात काही ठरेना. खलाशांनाही त्रास झाला, पण ते सावरले. दर्शन मात्र दिवसागणिक आत आत ओढला जाऊ लागला. डोळे खोल गेले, ओठ फुटले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही. त्याला ऊब मिळावी म्हणून त्यांनी गादी गॅलीत आणून चुलीशेजारी टाकली. अलीमियाँ चमच्या-चमच्याने त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजे आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळे.

"सुरुचीला सांगितलं का?" दर्शन मधेच विचारी.

"सांगितलंय," अलीमियाँ खोटं बोले.

आता तो पाणी उकळायचं तर असं उकळायचा की पातेलं थडथडे. आपल्या खोलीचं दार त्याने कुऱ्हाडीने फोडून आगीत घातलं. डावा तवा लालबुंद झाला. त्याच वेळी समुद्राने जहाजाला एक आडवा हेलकावा दिला, चुलीवर कठड्याला टेकून ठेवलेली गार पाण्याची बादली कलंडली आणि सगळं पाणी तव्यावर गेलं. वाफेचा लोट उठला, पाठोपाठ असा आवाज झाला की खलाशी धावत आले. तव्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती आणि चिरेतून धूर वर येत होता.

अलीमियाँला वाटलं, संपलं. आता आगही गेली. दर्शन धुराने खोकत होता. खलाशांनी त्याला गादीसकट उचलून बाहेर डेकवर नेलं.

त्या धुराकडे बघता बघता अलीमियाँच्या मनात एक गोष्ट आली. तो तडक कॅप्टनकडे गेला.

"साहेब, चुलीत जुने दोरखंड घालतो. रबर घालतो. काळा धूर जाईल वर. टँकरवर धूर दिसला तर किनाऱ्यावरून कुणीतरी येईलच."

कॅप्टन चंद्रहासनी नकारार्थी मान हलवली. "डोकं ठिकाणावर आहे का? ठिणग्यांची जाळी काढावी लागेल, नाहीतर असल्या धुराने लगेच बुजेल. टाक्यांत इंधनाची वाफ आहे की नाही कुणी तपासलंय? एक ठिणगी पडली तर पाचही जण संपलो."

"आणि नाही जाळलं तर चौघंच उरणार, साहेब."

कॅप्टन टाक्यांच्या झाकणांकडे बघू लागले.

"त्याला मी पाजलंय," अलीमियाँ म्हणाला. बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, पण आता थांबता येईना. "पाणी मी कच्चंच उतरवलं होतं. दोनदा. लाकूड वाचवायला. तुम्ही सांगूनसुद्धा."

कॅप्टननी त्याच्याकडे पाहिलं. रागावतील, हात उगारतील, असं अलीमियाँला वाटलं. त्याला ते हवंही होतं. पण म्हातारे कॅप्टन डेकवरच्या गादीकडे वळले. म्हणाले, "दोरखंड नुसते जाळून भागायचं नाही. जळक्या तेलात बुडवा. इंजिनरूममध्ये एक पिंप आहे."

खलाशांनी डेकवर पाण्याच्या बादल्या मांडल्या. कॅप्टन स्वतः शिडी चढून धुराड्याची जाळी काढून आले. अलीमियाँने दाराचे उरलेले तुकडे पेटवून वर तेलात भिजवलेला दोरखंड घातला, मग जहाजाच्या कडेला टांगलेल्या फेंडरच्या रबराचे तुकडे. चूल गुरगुरली. अर्धा धूर चिरेतून गॅलीत घुसला. तोंडाला ओला कपडा बांधून, डोळ्यांतून धारा लागल्या असताना तो दोरखंड ढकलत राहिला. वर धुराड्यातून डांबरासारखा काळा धूर निघाला आणि जहाजावर आडवा पसरला.

कुणी आलं नाही. दूरवर नांगरलेली जहाजं जागच्या जागी होती. दोरखंड संपत आला. कॅप्टन दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते आणि अलीमियाँने विचारलं की दर वेळी वरूनच नाही म्हणत. अलीमियाँने स्वतःची गादी फाडली, तिचा फोम आत घातला. मग एप्रन घातला. आपण हे सगळं उगाच करतोय, तो पोरगा आपल्यादेखत जाणार, असं त्याला वाटू लागलं.

"बोट," वरून कॅप्टनचा आवाज आला. तो इतका हळू होता की अलीमियाँला खरं वाटेना.

गस्तीची बोट पाणी कापत येऊन टँकरला लागली. गणवेशातली माणसं शिडी चढून वर आली.

"आग किधर है?" त्यातल्या एकाने विचारलं.

कॅप्टन त्यांना गॅलीत घेऊन आले. दोघांनी क्षणाचाही विचार न करता फेस आणि पाण्याचा मारा चुलीवर केला. तोफ डागल्यासारखा आवाज झाला, डावा तवा तुकडे होऊन आत कोसळला, भट्टीचं दार गळून पडलं. अलीमियाँ भिंतीला टेकून बघत राहिला.

त्यांचा अधिकारी तरुण अमिराती होता. त्याने फुटलेली चूल पाहिली, प्लायवूड उखडलेल्या खोल्या पाहिल्या, मग डेकवर येऊन दर्शनजवळ गुडघे टेकले. त्याची नाडी बघितली आणि मागे वळून माणसांना घाई करत म्हणाला, "यल्ला, यल्ला." दर्शनला स्ट्रेचरवर बांधायला लागले तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, "हू मेड द स्मोक?"

"मी," अलीमियाँ म्हणाला.

"जहाजाचा मास्टर मी आहे," कॅप्टन इंग्रजीत म्हणाले. "माझा हुकूम होता."

पेशंटबरोबर एकाला येता येईल, असं अधिकाऱ्याने सांगितलं. बाकीच्यांना पाणी आणि जेवण पाठवू, पण जहाज रिकामं सोडता येणार नाही. खलाशी कॅप्टनकडे बघू लागले. कॅप्टननी अलीमियाँच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही जा. डॉक्टर विचारतील काय झालं, ते तुम्हालाच सांगता येईल."

फुजैराच्या हॉस्पिटलातून अलीमियाँने सुरुचीला आणि साजिदाला फोन लावले. सुरुची संध्याकाळी पोचली, ऑफिसच्या कपड्यांतच. एजंटच्या ऑफिसात ती किती चकरा मारून आली होती ते तिने सांगितलं, आणि मग विचारलं, "पण त्यांना नेमकं झालं काय?"

अलीमियाँने तिला पाण्याचं सांगितलं. काही लपवलं नाही. ती ऐकून काचेच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तो उठून जायला निघाला तशी ती न वळता म्हणाली, "मला आत्ता तुमच्याशी काही बोलता येणार नाही. पण जाऊ नका. डॉक्टर परत विचारतील."

तो बसून राहिला. साजिदा अरफाला घेऊन आली तेव्हाही तो त्याच खुर्चीत होता. अरफा त्याला बिलगली आणि लगेच मागे सरली. "अब्बा, यू स्मेल ऑफ स्मोक." साजिदाने डबा उघडला, पण त्याने तो झाकून बाजूला ठेवला. "घरी चला," ती म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. ती पदर सावरून शेजारच्या खुर्चीत बसली.

दर्शनच्या मूत्रपिंडांनी जवळजवळ दगा दिला होता. डॉक्टरांनी ती डायलिसिसच्या मशीनवर सांभाळली. बरेच दिवस सुरुची अलीमियाँशी कामापुरतंच बोलली. पण तो औषधं आणायला गेला की त्याच्यासाठी चहा झाकून ठेवायची.

शेवटी टगबोटीने ओढून जहाज बंदराला लावलं. कॅप्टनची दोन दिवस चौकशी झाली आणि त्यांना सोडलं. अलीमियाँ फाटकाबाहेर उभा होता. कॅप्टन खूप वाळले होते, दाढी छातीपर्यंत आली होती. अलीमियाँने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"दर्शन?" त्यांनी विचारलं.

"आज पेज प्यायला," अलीमियाँ म्हणाला. "अर्धी वाटी. ठरली पोटात."

कॅप्टननी डोळे मिटून घेतले आणि बंदराच्या भिंतीला हात टेकला.