काळ्या दोरीचा दगड

अळकुड्यांच्या रश्शात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, घालायचा की सोया सॉस, यावरून दरवर्षीचा वाद सुरू झाला होता आणि तो संपू नये असं मिनेको तोगाशीला वाटत होतं. वाद संपला की जेवण होणार होतं आणि जेवण झालं की हाचिया बोलायला उभा राहणार होता.

डोंगराच्या कुशीतल्या सिनेमाच्या या उघड्यावरच्या सेटवर बर्फ पडायच्या आत कामं थांबतात. शेवटच्या दिवशी सामुराईंच्या काळातल्या एदो शहराच्या खोट्या गल्लीमागे, नदीकाठच्या गोट्यांवर मोठं पातेलं चढतं आणि सगळी मंडळी भोवती बसतात.

"डुकराचं मटण आणि मिसो. यात बोलायचं काय आहे?" कान्नो मिस्त्री म्हणाला. सेटच्या सुतारांचा तो मुख्य. "ज्यांना बीफ नि सोया पाहिजे, त्यांनी डोंगर ओलांडून पलीकडे जावं."

"मी पलीकडचाच आहे, मिस्त्री," हाचिया म्हणाला. "जन्म गेला तुझा मिसो गिळण्यात."

"मग अजून मेला कसा नाहीस?"

"रोज मरतो की. पगार त्याचाच घेतो."

सगळे हसले. मिनेकोही हसली, कारण न हसणं दिसलं असतं.

हाचियाचं काम खरोखरच मरण्याचं. नायकाची तलवार फिरली की गर्रकन वळायचं, एका गुडघ्यात मोडायचं आणि चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवून कोसळायचं. त्याच्यासारखं मरणारा आता या भागात दुसरा उरला नव्हता. आज मात्र त्याच्या शेजारी काठी होती आणि नाकावर चष्मा. उन्हाळ्यात मोडलेला पाय जुळून आला होता. वसंतात पुन्हा कामाला उभा राहशील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो काम सोडत होता ते डोळ्यांपायी.

आणि त्याचे डोळे ठीक आहेत, हे फक्त मिनेकोला माहीत होतं.

ती नव्याचं जुनं करणारी. सुतारांनी कोरी फळी ठोकली की ही ती जाळायची, तारेच्या ब्रशने खरवडायची, काजळी आणि चहाचं पाणी चोळायची आणि चार दिवसांची भिंत शंभर पावसाळे खाल्लेली करून द्यायची. सेटवर कुठे काही चकचकीत दिसलं की तिच्या डोळ्यांत ते खुपे. उन्हाळ्यात तसंच काहीतरी खुपलं होतं. तांदळाच्या दुकानाच्या ओसरीवरचा दगड.

नारळाएवढा गोटा, काळ्या दोरीने चहूबाजूंनी बांधलेला. चहागृहाच्या बागेत असा दगड वाटेत ठेवला की पाहुणा त्यापुढे पाऊल टाकत नाही. कान्नोने ती रीत सेटवर आणली होती. जिथली फळी फक्त दिसण्यापुरती, तिथे दगड. लाल फीत लावली तर कॅमेऱ्यात येते. दगड आला तरी तो एदोचाच वाटतो, म्हणून चित्रीकरण चालू असतानाही तो जागचा हलत नसे. त्याला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिनेकोलाही.

पण त्या दिवशी कान्नोने त्यावर नवी दोरी बांधली होती आणि ती उन्हात चमकत होती. मंडळी जेवायला गेली होती. मिनेकोने दगड उचलला, आपल्या शेडमध्ये नेला आणि दोरीला चहाचं पाणी नि काजळी चोळायला बसली. जेवण आटपायच्या आत परत ठेवणार होती. तेवढ्यात ढग भरून यायला लागले आणि ऊन जायच्या आत शॉट घ्यायचा म्हणून दिग्दर्शकाने सगळ्यांना पानावरून उठवलं. शेडमध्ये तिला फळ्या मोडल्याचा आवाज ऐकू आला.

हाचिया पातळ फळ्यांतून खालच्या कोरड्या गटारात गेला होता. सगळे त्याच्यावर वाकलेले. मिनेको दगड हातात घेऊनच धावत आली होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. तिने तो ओसरीवर, त्याच्या जागी ठेवला. का ठेवला, याचं उत्तर तिला नंतर कधी नीट देता आलं नाही. हात मोकळे करायचे होते, असं ती स्वतःला सांगे.

"अरे, दगड होता की," कान्नो वर बघत म्हणाला होता.

हाचियाने मान वळवून दगडाकडे बराच वेळ पाहिलं. "मला दिसला नाही," तो म्हणाला.

ती त्याला भेटायला दवाखान्यात गेली होती. पीच सोलून देत होती. "मिनेको-सान, तुमची नजर चांगली," तो म्हणाला. "दगड होता ना तिथे?" तिने सालीवरची नजर उचलली नाही. "होता," म्हणाली. त्याने तिचे आभार मानले होते.

मग त्याने डोळे तपासून घेतले. नंबर अगदी किरकोळ निघाला. त्याचा त्यावर विश्वास बसला नाही. तरी चष्मा केला.

मिसोवाले जिंकले. वाडगी रिकामी झाली. हाचिया काठी टेकत उठला.

"तलवारीने मरणाऱ्याला चष्मा चालत नाही," तो म्हणाला. थोडे हसले. "समोरचा दगड ज्याला दिसत नाही, त्याने तलवारींमध्ये उभं राहू नये. आज माझा पाय गेला, उद्या दुसऱ्याचा डोळा जाईल. माझ्या चुकीमुळे शॉट बिघडला, तुमचं काम अडलं. मला माफ करा."

तो कमरेत वाकला, जेवढा काठी वाकू देत होती तेवढा. त्याच्यासमोर सगळे उठून वाकले. मिनेको वाकली नाही.

"हाचिया-सान," ती म्हणाली, "तिथे दगड नव्हता."

माणसं वाकलेली तशीच राहिली. मग एकेक जण सरळ झाला.

"तो माझ्याकडे होता. दोरी फार नवी दिसत होती म्हणून मी नेला होता. तुम्ही पडल्यावर परत ठेवला. मिस्त्री, दोरीचा वास घेऊन बघा. चहाचा येईल."

कान्नो गल्लीत गेला आणि दगड घेऊन आला. त्याने दोरी नाकाशी नेली, अंगठ्याने घासली. अंगठा काळा झाला.

"मला वाटलं पावसाने चमक उतरली," तो म्हणाला. "म्हटलं, इतक्या लवकर कशी?"

हाचिया मिनेकोकडे बघत होता. "वळण्याआधी मी तिकडे बघितलं होतं," तो हळू म्हणाला. "दगड नाही म्हणजे फळी पक्की, असं वाटलं. मग पडल्यावर बघतो तर दगड." त्याने काठीवरची पकड बदलली. "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही होता म्हणालात."

"हो."

यापुढचं काही तिने ठरवलं नव्हतं. गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं, एवढंच माहीत होतं. ते तिने केलं. गोटे थंड होते. वरून कोणी उठा म्हणालं नाही.

काठी वाजली. हाचिया तिच्यापाशी येऊन उभा राहिला. त्याने चष्मा काढला, घडी केली आणि खाली वाकून तिच्या हाताशी ठेवला.

"कान्नो," तो वळून म्हणाला, "वसंतात गल्ली उघडली की पहिल्या दिवशी मला मरायचंय. दगड तू स्वतः ठेव."

"ठेवतो," कान्नो म्हणाला. "आणि दोरी चमकली तर चमकू दे."

हाचिया जागेवर बसला आणि त्याने वाडगं पुढे केलं. पातेल्यात तळाला थोडा रस्सा उरला होता. तेवढा वाढताना मिसोवरून पुन्हा कोणीतरी काही बोललं, पण या वेळी वाद रंगला नाही.

मिनेको उठून बसली. चष्मा तिच्या हातात होता. तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना, आणि विचारण्यासारखं तिथे कोणी नव्हतं.