बसल्या बसल्या

मंदाकिनीबाईंच्या मणक्यातली चकती सरकली तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्याला, दिगंबररावांना, समोर बसवून बजावलं, "तीन आठवडे सपाट फळीवर झोपून राहायचं. बाथरूमपुरतं उठायचं. बसणंसुद्धा बंद. आत्ता पायाला नुसत्या मुंग्या येताहेत. हयगय केलीत तर पाऊल कायमचं लुळं पडेल."

मंदाकिनीबाईंना चुटपुट लागली ती पर्वतीची. रोज पहाटे पर्वती चढून यायची, एवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. बाकीचा दिवस नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांचा.

दिगंबररावांना विश्रांतीचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नव्हती. दुपारी एक ते चार ते झोपत आणि तेवढा वेळ घरात चमचादेखील वाजत नसे. त्यांनी फळी आणली, मदतीला धाकट्या बहिणीला, कुसुमला, बोलावून घेतलं. पहिले दोन दिवस मंदाकिनीबाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कुसुमने मेथीची जुडी आणून ठेवली. "वहिनी, तुम्ही अगदी उठू नका हं. बसल्या बसल्या एवढी निवडून द्या."

हे 'बसल्या बसल्या' मोठं सोज्वळ प्रकरण आहे. काम सांगितल्याचं पाप नाही, वर उठू दिलं नाही याचं पुण्य पदरात! मेथीमागून मटार आले, मग लसूण, मग दिगंबररावांच्या शर्टाची बटणं. भेटायला आलेल्यांसमोर आडवं तरी कसं पडायचं? बाई भिंतीला टेकून बसत आणि हसून बोलत.

एकदा त्या धीर करून म्हणाल्या, "अहो, डॉक्टर बसू नका म्हणालेत."

"बसायला काय कष्ट पडतात?" दिगंबरराव म्हणाले आणि एक वाजला म्हणून झोपायला गेले.

पुढे मुंग्या थांबल्या. बाईंना वाटलं, उतार पडला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे निघताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल जिन्यातच गळून पडली. त्यांना कळलंच नाही. "लक्ष कुठे असतं तुझं?" दिगंबरराव खेकसले.

डॉक्टरांनी पावलावर टाचणी टोचली. "कळतंय?"

"काय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर दिगंबररावांकडे वळले. "झोपून होत्या ना?"

"म्हणजे काय! इकडची काडी तिकडे करू दिली नाही," दिगंबरराव ऐटीत म्हणाले. "नुसती बसून होती."

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. मग म्हणाले, आता ऑपरेशन केलं तरी पाऊल पुन्हा उचलेल याची खात्री नाही. बाईंना पर्वती डोळ्यांपुढे दिसली आणि नवऱ्याची शिसारी आली.

घरी पोचेपर्यंत एक वाजत आला होता. पाय फरफटत त्या फळीवरून पुढे गेल्या आणि दिगंबररावांच्या कॉटवर सरळ आडव्या झाल्या.

"अगं, माझी झोपायची वेळ झाली."

"तुम्ही बसा," मंदाकिनीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "बसायला काय कष्ट पडतात?"