गंजवाली

ऑफिसात मला गंजवाली म्हणतात. आम्ही कॉम्प्युटरवरचे गेम बनवतो, आणि त्यातल्या भिंतींना ओल, लोखंडाला गंज आणि दारांना भेगा आणायचं काम माझं. चकचकीत वस्तू माझ्याकडे द्या, संध्याकाळपर्यंत तिची सगळी रया घालवून दाखवते. मला या कामाचा अभिमान आहे. कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं.

यंदाचा गेम जग बुडाल्यानंतरचा होता. रोगराई येऊन गेलीय, शहरं ओस पडलीत आणि उरलेला एकटा माणूस पाणी शोधत फिरतोय. गोष्ट ठरली, बंदुका ठरल्या, त्या माणसाचे बूटसुद्धा ठरले. हे सगळं घडतं कुठे, तेवढंच ठरेना. कुणी वाळवंट आणलं, कुणी तुटका पूल, कुणी पाण्याखाली गेलेलं बंदर. आमचे डायरेक्टर प्रत्येक चित्रापुढे मान हलवायचे आणि म्हणायचे, हे दहा गेममध्ये बघून झालंय.

मग एका बैठकीत त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मागे मी आजारी असताना ते लॅपटॉप द्यायला आमच्या घरी आले होते.

"तुमची बिल्डिंग घेऊ," ते म्हणाले. "रेडीमेड आहे. काही करावंच लागणार नाही."

दोघं-तिघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज जागेवर ठेवून मी म्हणाले, "सर, तिथे माणसं राहतात."

"तेच तर. माणसं काढली की झालं."

वाईट मनाने बोलले असते तर भांडले असते. ते अगदी सहज बोलले, टेबल सरकवा म्हणावं तसं, आणि तेच जास्त लागलं.

रविवारी फोटोग्राफर येणार असं ठरलं. आईला मी एवढंच सांगितलं, की आपली बिल्डिंग गेममध्ये येणार आहे. कशी येणार, ते सांगायला जीभ रेटेना. आईच्या कानावर गेलेली गोष्ट गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पेंटरने कामावरून उरलेले डबे बाहेर काढले. जिना पहिल्या मजल्यापर्यंत पिवळा आणि तिथून वर निळा झाला, कारण पिवळा तिथेच संपला. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशीने रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्यांना एकाच कापडाचे पडदे शिवून दिले. आमचं दार बाबांनी बसवलेलं. बाबा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता, ते आईने कंबर धरून, थांबत थांबत हिरवं रंगवलं. मी ब्रश घ्यायला गेले तर तिने माझा हात झटकला. तुझा हात लागला की नवी वस्तू जुनी होते, म्हणाली.

फोटो पाहून डायरेक्टरांनी कपाळावर हात मारला. मागितलं होतं भूतघर आणि समोर बिल्डिंग नटूनथटून उभी. मग त्यांनाच सुचलं, गंजवाली आहे की आपल्याकडे. शुक्रवारपर्यंत एक दार सडवून दाखव, म्हणाले, बाकीचं मागाहून. त्यांनी निवडलं ते नेमकं आमचं दार होतं, आणि ते आमचं आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी फोटो मोठा करून बसले. हिरव्या रंगात ब्रशचा एक केस अडकला होता. अगदी खाली, जिथवर आईला वाकता आलं नव्हतं, तिथे जुना तपकिरी रंग तसाच होता. दारं मी आजवर ढिगाने कुजवली, पण त्यांच्यामागे कोण राहतं ते मला कधी ठाऊक नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते काही खोटं नाही. मी फाइल बंद केली. नोकरी गेली तर जाऊ दे, पण या दाराला माझ्या हातून भोक पडणार नाही.

मात्र नुसतं नाही म्हणून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी मान वर करून आमच्या ऑफिसकडे पाहिलं. काचेच्या खिडक्या, कधीच न उघडणाऱ्या. हात पुढे केला तरच वाहणारे नळ. कार्ड लावल्याशिवाय न हलणारं दार. जग कशाला बुडायला हवं, दुपारभर वीज गेली तरी इथे आमचा जीव गुदमरतो. आमच्या बिल्डिंगमध्ये वीज गेली की लोक दारं उघडी टाकून जिन्यात गप्पा मारत बसतात. आधी ओसाड काय पडणार, हे कुणीही सांगेल. मी मोबाइल काढला आणि ऑफिसचे फोटो घेत सुटले.

शुक्रवारी बैठकीत पडद्यावर डायरेक्टरांची केबिन उघडली. काचा फुटलेल्या, खुर्चीवर शेवाळ, टेबलावर पक्ष्याचं घरटं, गालिचा पाण्याने फुगलेला. या वेळी कुणी हसलं नाही. प्रोग्रामर खुर्ची पुढे ओढून म्हणाला, इथे फिरायला मला भीती वाटेल, म्हणजे जमलंय. डायरेक्टरही खूश झाले. हेच पाहिजे होतं, म्हणत ते पडद्याजवळ गेले. तिथे त्यांना भिंतीवरचा कागद दिसला. त्यांच्या मुलीने काढलेलं चित्र, केबिनमध्ये रोज असतं तेच: तीन माणसं आणि एक कुत्रा. मी त्याला ओल लावली होती आणि छोट्या मुलीचा चेहरा डागाखाली गेला होता.

"हे तेवढं पुसून टाक," ते हळू आवाजात म्हणाले.

"का, सर? माणसं काढली की झालं ना?"

ते चित्राकडे बघत राहिले. नजर मी खाली घातली नाही.

"पुसते," मी म्हणाले. "आमच्या बिल्डिंगचे फोटोही पुसते. तिथलं हिरवं दार माझ्या आईचं आहे. ते मी सडवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून सडवून घेणार असाल तर मी इथे राहणार नाही."

शेवटी "ऑफिसच घेऊ" एवढं म्हणून ते जागेवर जाऊन बसले आणि बुटांचा विषय पुन्हा निघाला. मी चित्रातल्या मुलीच्या चेहऱ्यावरचा डाग आधी पुसला, मग ते चित्रच गेममधून काढून टाकलं.

घरी आई वाटच बघत होती. आपली बिल्डिंग कधी दिसणार, तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, माणसं काढण्यापासून सगळं.

"म्हणजे रंग वाया गेला," ती म्हणाली.

"वाया कसा? जग बुडालं तरी आपली बिल्डिंग पडत नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी."

आई उठली, मोरीतला ब्रश घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "मग खालचं राहिलंय तेवढं रंगव," ती म्हणाली. "मला वाकता येत नाही."